कॅसेटमधली गळती

लग्न, मुंज, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन. १९८० आणि १९९०च्या दशकांत असे प्रसंग व्हीएचएस कॅसेटवर टिपले गेले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसले. आता त्या संगणकात उतरवून घेण्याची धडपड अनेक घरांत चालू आहे. व्हीसीआरची वायर एका छोट्या कॅप्चर उपकरणाला जोडायची आणि ते उपकरण संगणकाला. काम सोपे वाटते. पण तासाभराने फाईल उघडून पाहावी, तर चित्र मध्येच उडी मारते. शेवटाकडे तर भटजींचे ओठ आधी हलतात आणि मंगलाष्टके मागाहून ऐकू येतात. ही करामत ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ची, म्हणजे गळलेल्या फ्रेम्सची.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका सेकंदात २५ फ्रेम असतात. म्हणजे दर ४० मिलिसेकंदांनी एक फ्रेम संगणकाच्या दारात येते. ती वेळेवर आली नाही, किंवा आली तेव्हा संगणक दुसऱ्या कामात गुंतलेला असला, की ती गेली. आवाज मात्र स्वतंत्र वाटेने अखंड येत राहतो. गळलेल्या जागा भरल्या नाहीत, तर २५ फ्रेममागे चित्र एका सेकंदाने तोकडे होते आणि आवाजाच्या पुढे पळते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘संगणक बदला’ असा. मित्रहो, घाई करू नका. दोष घेणाऱ्याचा, म्हणजे संगणकाचा असेल, किंवा देणाऱ्याचा, म्हणजे फितीचा. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून आधी निदान करावे. त्याला पैसा लागत नाही.

प्रथम व्हीसीआर बाजूला ठेवा. त्याच वायरींनी डीव्हीडी प्लेअर जोडा आणि अर्धा तास घरचीच एखादी डीव्हीडी रेकॉर्ड करून पाहा. डीव्हीडीचा सिग्नल घड्याळासारखा नियमित असतो. तरीही फ्रेम गळल्या, तर दोष संगणकाकडचा. एकही गळली नाही, तर संगणक निर्दोष समजावा. मग कॅसेट लावा आणि तीच पाच मिनिटे दोनदा उतरवा. गळतीचा आकडा दोन्ही वेळा त्याच जागी वाढला, तर दोष फितीत आहे. प्रत्येक वेळी जागा बदलली, तर पुन्हा संगणकाकडे आणि वायरींकडे पाहावे. ठरावीक अंतराने एखादीच फ्रेम गळत असेल किंवा दोनदा येत असेल, तर चित्र आणि आवाज यांची घड्याळे किंचित वेगळी चालत आहेत. आवाजही त्याच कॅप्चर उपकरणातून घ्या, साउंड कार्डातून नको. बहुधा तेवढे पुरते.

आता संगणकाचे उपाय. पूर्ण आकाराचे, न दाबलेले पाल चित्र सेकंदाला सुमारे दोन कोटी बाइट मागते. तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट झाले! हा ओघ विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्यावरच सोडला, तर तारांबळ उडते. वेगळी डिस्क वापरा आणि तिच्यावर भरपूर मोकळी जागा ठेवा. दर्जा न घटवता फाईल लहान करणारा कोडेक निवडा. कॅप्चर उपकरण हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावा. रेकॉर्डिंग चालू असताना अँटिव्हायरसची तपासणी, अपडेट, वीज वाचवण्याची सोय आणि इंटरनेट बंद असू द्या.

फितीचे दुखणे निराळे. पाल व्हीसीआरमधला ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्याच्यावरची हेड्स फितीवरच्या तिरक्या रेघा वाचतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत कुठे ताणलेली, कुठे आकसलेली असते. त्यामुळे चित्राची एखादी ओळ लवकर येते, एखादी उशिरा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ही चूकभूल सांभाळून घेई. कॅप्चर उपकरणाला नेमका ताल लागतो. तो चुकला की फ्रेम गेली.

कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळा, म्हणजे फितीचा ताण सारखा होईल. ट्रॅकिंग जुळवा, हेड जाणकाराकडून साफ करून घ्या. एवढ्याने भागले नाही, तर टाइम बेस करेक्टर लागतो. तो ओळी क्षणभर साठवून नियमित तालात पुढे पाठवतो. चांगल्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो असतो. काही डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडले, तरी सिग्नल बराच सुधारतो. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेली कॅसेट बहुधा एनटीएससी पद्धतीची असते. तिच्यासाठी ती पद्धत वाचणारा व्हीसीआर लागतो आणि सॉफ्टवेअरमध्येही तीच निवडावी लागते.

एक काळजी मात्र घ्यावी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला.

हे सारे वेळेत करायला हवे. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत या व्यवसायातून बाहेर पडली. चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही कमी होत चालले आहेत. फीतही प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते. म्हणून प्रयोग साध्या कॅसेटवर करावेत. सगळे जुळले, की ज्या कॅसेटमध्ये आज नसलेल्या माणसाचा आवाज आहे, ती सर्वांत आधी उतरवून घ्यावी. तयार फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नये.