सुटा भाग मिळेल का?

मी कविता लिहितो हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. बंदुकीशी माझं नातं मात्र त्याहून जुनं. आम्ही शिकलगार. आजोबा तलवारींना पाणी द्यायचे आणि अब्बा सांगलीत एका परवानाधारक दुकानात बंदुका दुरुस्त करायचे. शाळा सुटली की माझा मुक्काम त्यांच्या बाकड्याशेजारी. आयुष्यात मी एकही गोळी झाडलेली नाही. पण मॉझर रायफलीचा बोल्ट डोळे मिटून सांगा, कुठला तुकडा कुठे बसतो ते सांगेन.

जुन्या युरोपियन शिकारी रायफली जमवणारी माणसं जगभर आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ‘चालते का?’ हा नसतो. ‘सगळं मूळचं आहे का?’ हा असतो. रायफलीच्या सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो, तोच बोल्टवरही हवा. नळीवर सरकारी चाचणीची मोहोर हवी. जर्मन नळीवर १८९१च्या कायद्यानंतर मुकुटाखाली अक्षरं दिसतात, इंग्रजी नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा ठसा. या खुणा वाचता आल्या की रायफलीची जन्मपत्रिकाच हातात येते.

एवढा आग्रह कशासाठी? नुसती हौस नाही ती. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांत किती फट राहावी हे त्या एका नळीसाठी, त्या एका बोल्टपुरतं जुळवलेलं असतं. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकेलही. पण फट वाढली तर पुंगळी फाटून उलटा वायू नेमबाजाच्या चेहऱ्यावर येतो. म्हणून बोल्ट बदलला की मापकांनी फट तपासल्याशिवाय ती रायफल हातात घ्यायची नसते. अब्बांचा हा एक नियम असा होता, की त्यावर मालकाशीही वाद घालायचे.

भाग मिळण्याच्या बाबतीत सगळ्या रायफली सारख्या नाहीत. ऑस्ट्रियातल्या श्टायर गावची १९०३ सालची मॅनलिखर-शोनाउअर घ्या. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत, बोल्टची मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी. तिची काडतुसं सरळ पेटीत न राहता एका फिरत्या रुळावर बसतात, आणि त्या रुळाच्या खोबणी एकाच काडतुसाच्या अंगाला मापून कोरलेल्या. साडेसहा मिलिमीटरच्या रायफलीचा रूळ नऊ मिलिमीटरच्या रायफलीत चालत नाही. दिसायला भाग एकच, कामाला निरुपयोगी. ही रायफल बनायचं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं.

काडतूस हासुद्धा सुटा भागच की! १९०७ साली ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीचा व्यास तोच होता आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. मग लंडनच्या कारागिरांनी आपल्या देशातल्या वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी .४६५, .४७०, .४७५ असे नवे व्यास काढले. एका सरकारी हुकुमातून रायफलींची नवी पिढीच जन्माला आली, आणि प्रत्येकीचं काडतूस वेगळं.

मॉझरचं बरं. ओबर्नडॉर्फचा मूळ कारखाना १९४५नंतर फ्रेंचांच्या ताब्यात जाऊन मोडला गेला. पण १८९८ची ती रचना बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया अशा अनेक देशांनी लष्करासाठी लाखोंनी बनवली होती. त्यामुळे युरोपात तिचे भाग अजून सापडतात. त्यातला सर्वांत नाजूक भाग एक्स्ट्रॅक्टर. आमच्या दुकानात त्याला ‘पंजा’ म्हणत. बोल्टच्या अंगाला चिकटलेली ही लांब पोलादी पट्टी काडतुसाची कड पकडून रिकामी पुंगळी बाहेर ओढते. काडतूस खालच्या पेटीतून वर आलं तर त्याची कड आपोआप पंजाखाली सरकते. घाईत कुणी ते थेट नळीत टाकून बोल्ट रेटला, की पंजाला त्या कडेवरून उडी मारावी लागते. कधीतरी नख तुटतंच.

असंच नख तुटलेली सात मिलिमीटरची एक मॉझर एका इनामदारांनी १९८२ साली दुकानात आणली. ‘‘वस्ताद, जर्मनीहून मागवता येईल का?’’ अब्बा म्हणाले, ‘‘सरकार, कागदं रंगवण्यात दोन वर्षं जातील. मी घडवतो.’’ आपल्या कायद्यात बंदुकीचा सुटा भागही शस्त्रच धरला जातो. तो चष्म्याच्या काडीसारखा टपालानं येत नाही. अब्बांनी ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेतलं आणि अकरा दिवस कानस चालवली. तापवून तेलात बुडवलं, पुन्हा मंद आचेवर निळं होईस्तोवर धरलं. दोनदा मोडलं. तिसरा पंजा बसला.

२०१९च्या कायद्यानं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली. इनामदारांच्या नातवाकडे तीन होत्या. मॉझर द्यायची ठरली, तेव्हा त्यानं मला बोलावलं. ‘‘काका, तुमच्या अब्बांच्या हातची दुरुस्ती आहे, तुम्ही असलेलं बरं.’’

घेणारा व्यापारी जाणकार होता. क्रमांक जुळले, मोहोर जुळली. मग त्यानं भिंगातून पंजाच्या आतली बाजू पाहिली आणि म्हणाला, ‘‘हा कारखान्याचा नाही. कानशीचे ओरखडे आहेत.’’ किंमत तिथल्या तिथे उतरली. खरं सांगतो, मला ते लागलं. पण तो चुकीचं बोलत नव्हता. संग्राहकांच्या जगात बदललेला भाग हा उणाच. त्याहून वाईट म्हणजे बदललेला भाग लपवणं. नवा क्रमांक ठोकून जुना म्हणून खपवणारे कमी नाहीत.

व्यापारी कागदावर ‘एक्स्ट्रॅक्टर बदललेला’ एवढंच लिहीत होता. मी म्हटलं, ‘‘साल आणि जागाही लिहा. हातानं घडवलेला, असंही लिहा.’’ त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग बोल्ट दोनदा मागेपुढे करून पाहिला आणि विचारलं, ‘‘साल कुठलं म्हणालात?’’

‘‘१९८२. सांगली.’’

त्यानं लिहिलं.