निवृत्तीनंतरचा अर्धा दिवस
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



दरवर्षी गाळप संपले आणि शिलकी उसाची धावपळ आटोपली, की आपल्या कारखान्यावर निरोपाचे कार्यक्रम सुरू होतात. शाल, श्रीफळ, फेटा होतो. उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो, असे प्रत्येक वक्ता म्हणतो. फेटा बांधलेला मनुष्य डोळे पुसत घरी जातो. पुढे पावसाळा सरतो, बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, आणि थोड्याच दिवसांत हाच मनुष्य गट ऑफिसच्या पायरीशी मोटरसायकल लावताना दिसतो. सभासद विचारतात, "अहो साहेब, ह्यांचा तर सत्कार झाला होता ना?"

हा प्रश्न हसत हसत विचारला जातो. दुसरा एक प्रश्न आहे, तो तसा विचारला जात नाही. गेल्या हंगामापूर्वी एका गावच्या बैठकीत एक तरुण सभासद उभे राहिले व म्हणाले, "आमची पोरं कृषी पदविका घेऊन दारात बसल्यात आणि तुम्ही पेन्शनीतल्या माणसाला परत घेताय. कारखाना कुणाचा?" कारखाना सभासदांचाच आहे. तेव्हा उत्तर देणे आमच्या खात्याला भाग आहे. बैठकीच्या गलक्यात ते नीट देता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

प्रथम पैशाचे बोलू, कारण लोक मनात तेच धरून असतात. निवृत्त साखर कामगाराला पेन्शन मिळते, एवढे सर्वांना ठाऊक असते. किती मिळते हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. आपल्या कामगारांची पेन्शन ही १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची आहे. सरकारी नोकराची पेन्शन ती नव्हे. तिचा हिशेब असा: शेवटच्या ६० महिन्यांचे सरासरी वेतन गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. हे वेतनही सगळे धरत नाहीत. त्याला मर्यादा आहे, आणि २०१४ साली ती १५,००० रुपये केली गेली. म्हणजे त्या मर्यादेने ३५ वर्षे धरली तरी महिना ७,५०० रुपये होतात. त्याच साली किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांनी होत नाही, दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाने होते. मुलीचे लग्न आणि घरावरचा स्लॅब एवढ्यात ती संपते. साठीच्या आत-बाहेरचा मनुष्य पुन्हा कामाला येतो तेव्हा त्याला हाव सुटली आहे असे म्हणण्यापूर्वी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत. अठ्ठावन्न वर्षांनंतर चालू झालेली पेन्शन पुन्हा काम धरल्याने बंद पडत नाही, हेही येथे सांगून ठेवतो. या भीतीने काहीजण नाव न लावता काम करू पाहतात, त्याची गरज नाही.

परंतु केवळ पैशासाठी येतात म्हणावे तर तेही खरे नाही. आपल्याकडे मानधन मिळते ते पेट्रोलला पुरून थोडे उरावे इतकेच.

आमच्या एका गटातले ओव्हरसियर अशाच रीतीने परत आले. सगळे गाव त्यांना तात्या म्हणते, आम्हीही तेच म्हणतो; पुरे नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. स्लिपबॉय म्हणून लागले, ओव्हरसियर म्हणून उतरले. त्यांच्या कारकिर्दीत को ७४० गेला, को ८६०३२ आला, २००७ नंतर फुले २६५ क्षारपड रानात शिरला. निरोप मे महिन्यात झाला. नोव्हेंबरात ते हजर. मधल्या काळात काय केले असे विचारले तर म्हणाले, "साहेब, काय करणार? पहाटे पाचला जाग येतीय. चहा हुतोय. मग पुढं दिवस लई लांब असतो."

त्यांच्या घरी गेलो असता काकींनी जे सांगितले तेही लिहिलेच पाहिजे. त्या म्हणाल्या, "ह्यांची नोकरी संपली, पण माझ्या चुलीवरचं काम दुप्पट झालं. दर तासाला चहा, आणि मी भाजी कशी चिरते त्याच्यावर लक्ष. घेऊन जावा त्यांना अर्धा दिवस तरी." आम्ही हसलो. त्या मात्र हसत नव्हत्या. निवृत्तीचा विचार करताना घरातल्या बाईला कोणी विचारत नाही, आणि तिला स्वतःला निवृत्ती असते की नाही हे तर कोणाच्या मनातही येत नाही.

तर तात्यांना नेमके काम काय दिले? आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते बारा. पहिले काम ब्रिक्सचे. हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात शिरायचे, उसाच्या बुडक्याकडचा रस पाहायचा, शेंड्याकडच्या कांडीचा पाहायचा. दोन आकड्यांत मोठे अंतर असले तर ऊस अजून कच्चा. अंतर मिटत आले की पक्व. यंत्र कोणीही वाचील. पण कोणत्या सरीतला ऊस काढावा, बांधाकडेचा काढू नये, पाटाच्या तोंडाशी पाणी जास्त मुरते म्हणून तिथला काढू नये, हे नव्या पोराला दाखवायला मनुष्य लागतो. दुसरे काम बेणेमळ्याचे. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच हवे, खोडव्याचे नको, काणी दिसली की बेट मुळासकट उपटून पिशवीत घालून काढायचे. तिसरे काम मे-जूनमधले. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर बसतात. त्या रात्री फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर टाकले. ती वेळ गेली की मादी अंडी घालते, आणि ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडल्यावर तुम्ही आमच्याकडे येता. कोणत्या शिवारात कोणत्या झाडावर भुंगेरे जास्त बसतात याची यादी कोठेही लिहिलेली नाही. ती तात्यांच्या डोक्यात आहे, आणि ती उतरवून घेणे हाच आमचा खरा स्वार्थ आहे.

आता एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही.

हल्ली उसाची नोंद मोबाइलवर होते. नवा ओव्हरसियर प्लॉटच्या कडेने चालत जातो, नकाशा उमटतो, क्षेत्र निघते. चोख काम. पूर्वी साखळी-टेपने होणारे वाद निम्मे कमी झाले. अशीच एका आडसाली प्लॉटची नोंद झालेली होती. सातबारा सामाईक, नाव थोरल्या भावाचे, लागणीची तारीख बरोबर, क्षेत्र बरोबर. कागदात कसलीही खोट नव्हती. तात्या ब्रिक्स पाहायला म्हणून त्या पोराबरोबर गेले. मधल्या बांधावर थांबले आणि म्हणाले, "ह्यातला खालचा तुकडा धाकट्याच्या बायकोचा. धाकटा वारला. वाटणी तोंडी झालीय, पंचासमोर. हा बांधावरचा आंबा त्यानंच लावलेला." म्हणजे ऊस गाळपाला गेला असता, तर त्या विधवा बाईच्या उसाचे बिल थोरल्याच्या बँक खात्यावर जमा होणार होते. तिने पाणी पाजले, तिने खुरपले, सोसायटीचे कर्जही तिनेच फेडायचे. ती भांडायला आली असती तर आम्ही सातबारा दाखवला असता, आणि कायद्याने तो बरोबरच ठरला असता.

तात्या संध्याकाळी थोरल्याच्या ओसरीवर तासभर बसले. काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही, आम्ही विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी थोरला गट ऑफिसला आला आणि संमतिपत्रावर सही केली. त्या तुकड्याची नोंद बाईच्या नावे झाली, बिल तिच्या खात्यावर गेले. कोणत्याही मोबाइलला हे जमले नसते. आणि नव्या पोराला न जमण्याचे कारण एवढेच, की तो त्या ओसरीवर अजून कधी बसलेला नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्याच जुन्यांना परत बोलवा की. नाही. दुसरी बाजू आम्ही पाहिली आहे.

तात्या आल्यावर पहिल्या महिन्यातच गडबड झाली. सभासद तोडीची तारीख विचारायला नव्या ओव्हरसियरकडे जाईनात, तात्यांकडे जाऊ लागले. मुकादम फोन करी तो तात्यांना. टोळी कोठे टाकायची, कोणाचा ट्रॅक्टर आधी, हे तात्यांच्या तोंडच्या शब्दावर हलू लागले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कोणी विचारले की सवयीने उत्तर निघे. एके दिवशी तो पदविकाधारक मुलगा आमच्या टेबलापाशी आला व उभ्यानेच म्हणाला, "साहेब, सही माझी आणि हुकूम तात्यांचा. मग मला कशाला ठेवलंय?" सव्वीस वर्षांचा पोरगा. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज चढलेला नव्हता. त्याचे शंभर टक्के बरोबर होते.

तोडणी प्रोग्रॅम ही साधी गोष्ट नव्हे. तुमचा ऊस वेळेवर तुटतो की उन्हाने वाळून वजन हरवतो, हे त्यावर अवलंबून असते. ज्याची सही त्याचीच जबाबदारी, आणि ज्याची जबाबदारी त्याचाच शब्द, हे असले तरच सभासदाला जाब विचारता येतो. निवृत्त माणसाला जाब कोणी विचारायचा? म्हणून ठरले, की तात्यांनी तोडणी प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, स्लिपवर सही करायची नाही, मुकादमाचा फोन घ्यायचा नाही.

हे सांगणे जड गेले. ज्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून आम्ही हे शिवार पाहिले, त्यांनाच सांगायचे होते. ते ऐकून घेतले, टोपी सारखी केली आणि गेले. आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते थेट बेणेमळ्यात. एवढेच म्हणाले, "बरं झालं. रात्रीचं फोन बंद झालं." खरे किती आणि आमच्या समाधानासाठी किती, ते त्यांचे त्यांना माहीत. मात्र त्यानंतर मुकादमाला त्यांनी आमच्यादेखत, "त्या पोराला विचार," असे सांगितलेले आम्ही ऐकले आहे.

बैठकीत उभ्या राहिलेल्या त्या तरुण सभासदांना आमचे उत्तर यातच आहे. निवृत्त माणसाला कोणतीही मंजूर जागा दिलेली नाही. ओव्हरसियरची जागा पदविकाधारकालाच दिली आहे. तात्यांचे काम एका हंगामापुरते, अर्ध्या दिवसाचे, आणि शिकवण्याचे आहे. उद्या जर एखादी रिकामी जागा निवृत्ताच्या मानधनावर भागवली जात असल्याचे तुम्हाला दिसले, तर वार्षिक सभेत जरूर उठून विचारा. तसे होणे स्वस्त पडते, म्हणूनच त्यावर लक्ष ठेवावे लागते.

प्रकृतीचेही भान हवे. गाळपात रस्त्यावर रात्री डबल ट्रॉल्या असतात, मागे लाल कापड नाही की रिफ्लेक्टर नाही. साठीच्या माणसाची रात्रीची नजर पूर्वीची राहत नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर कोणत्याही निवृत्त माणसाला फडावर पाठवायचे नाही, असा नियम आम्ही आमच्यापुरता पाळतो. भुंगेऱ्यांच्या रात्रीही तात्या आदल्या दिवशी झाडे दाखवून देतात. कंदील घेऊन पोरे जातात.

आणि सगळ्यांनी यायलाच हवे असेही नाही. तात्यांच्याबरोबर निरोप घेतलेले दुसरे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही दोनदा विचारले. ते म्हणाले, "तीस गुंठं हाईत, त्यात ठिबक केलंय. मला आता दुसऱ्याचा ऊस बघायचा न्हाई." त्यांचा खोडवा आम्ही पाहिला, पाचट न जाळता सरीआड ठेवलेले, बुडखे जमिनीलगत छाटलेले. आमच्या सल्ल्यावर तंतोतंत चाललेला एवढा एकच प्लॉट त्या शिवारात असावा. त्यांच्या मागे पुन्हा लागलो नाही.

आमचे स्वतःचे अजून बरेच हंगाम शिल्लक आहेत, पण हे सारे पाहताना मनाशी एक नोंद करून ठेवली आहे: आपल्याकडची माहिती आतापासूनच वहीत उतरवायची. तात्यांची झाडांची यादी तो नवा ओव्हरसियर सध्या लिहून घेत आहे. तीन गावांची पुरी झाली, चार राहिली आहेत.

सभासदांसाठी सूचना: चालू हंगामात तात्या सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी सकाळी सात ते बारा गट ऑफिसला असतात. ब्रिक्स पाहायचा असेल, बेणे निवडायचे असेल, काणी किंवा हुमणीची शंका असेल, तर त्यांना भेटावे. उसाचे बेट उपटून बरोबर आणल्यास बरे, नुसते सांगून कळत नाही. तोडीच्या तारखेसाठी मात्र त्यांच्याकडे जाऊ नये. ते सांगणार नाहीत.