हिरडीतला दाह, रक्तातली खूण

निवृत्तीनंतर वर्षातून एकदा रक्त तपासून घेणारे आमचे एक ज्येष्ठ शिक्षक मध्यंतरी कागद घेऊन आले. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, पण ‘सीआरपी’ या ओळीपुढे 4.2 आणि त्याखाली लाल रेघ. ‘‘हृदयाचे काही आहे का?’’ त्यांनी विचारले. मी विचारले, ‘‘सर, दात घासताना रक्त येते का?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘ते तर गेली दहा वर्षे येते.’’

नखाच्या कडेने रोज रक्त आले असते, तर सर पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात गेले असते. हिरडी दुखत नाही, म्हणून तिला सवलत मिळते. या आजाराला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ पू वाहणे. पण मंजनांच्या जाहिरातींनी तो घरोघर नेला. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी तोंडातही दोन-तीन मिलिमीटरची खाच असते. तिथे किटण साचून कडक झाले की खाच खोल होते, आतले अस्तर सोलवटते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. आजार पसरलेल्या तोंडातले हे सोलवटलेले अस्तर एकत्र मांडले, तर ते 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरेल असा एक अंदाज आहे. टपालाच्या एक-दोन तिकिटांएवढी उघडी जखम, तीही वर्षानुवर्षे!

या जखमेतून जंतू रक्तात शिरतात, अगदी चावताना आणि दात घासतानाही. शिवाय तिथल्या पेशी इंटरल्युकिन-6 सारखी रसायने सोडतात. ती यकृतापर्यंत पोहोचली की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार करते. तेच कागदावरचे सीआरपी. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. त्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी ते संयोग पावत होते, म्हणून हे अक्षर. हृदयाच्या संदर्भात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे जोखीम कमी, 3 पेक्षा जास्त म्हणजे अधिक. 10 च्या वर गेले तर बहुधा ताजा संसर्ग असतो. तो बरा झाल्यावर पुन्हा तपासावे.

हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साचतात, तेही नुसते गटार तुंबण्यासारखे नसते. तिथेही दाह असतो. (काही पुस्तके याला शोथ म्हणतात, मला दाह बरा वाटतो.) 1989 साली फिनलंडमधल्या मट्टिला आणि सहकाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांची दंतस्थिती इतरांपेक्षा वाईट आढळली. पण तंबाखू आणि मधुमेह हिरड्याही खातात आणि धमन्याही. आपल्या मशेरीचा हिशेब यातच धरायला हवा. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली सगळे पुरावे तपासून म्हटले, की संबंध आहे. कार्यकारणभाव सिद्ध नाही.

2007 सालचा एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. तीव्र हिरडीविकार असलेल्या 120 जणांपैकी निम्म्यांवर खोलवर उपचार केले. दुसऱ्या दिवशी त्यांचे सीआरपी वाढले आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता घटली. सहा महिन्यांनी मात्र तीच लवचिकता इतरांपेक्षा चांगली होती. म्हणजे हिरडीला हात लावला की रक्तवाहिनीला कळते. झटके टळतात का, हे त्या प्रयोगाने मोजलेले नाही.

‘मार्कर’ला आपण निदर्शक, दर्शक असे जड शब्द देतो. ‘खूण’ पुरे आहे, आणि अर्थालाही नेमका आहे. ज्यांचे सीआरपी जन्मजात जनुकांमुळे जास्त असते, त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होत नाही असे आढळले. खूण गुन्हेगार नव्हे. उलट 2017 साली सुमारे 10 हजार रुग्णांवर दाह शमवणारे औषध वापरले, तेव्हा कोलेस्टेरॉल न उतरताही झटके कमी झाले. धूर हाकलून उपयोग नाही, आग विझवावी लागते. आणि हा धूर कोणत्या चुलीचा, हे सीआरपी सांगत नाही. तो गुडघ्याच्या संधिवाताचा असेल, नुकत्याच होऊन गेलेल्या सर्दीचा असेल.

म्हणून सरांना मी हृदयाचे होय-नाही काहीच सांगितले नाही. रक्तदाब पाहिला, दंतवैद्याकडे धाडले आणि तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगितले. ‘‘किटण काढले की दात हलतात म्हणे,’’ ते दारातून म्हणाले. दात आधीच हलत असतात, सर. किटण त्यांना चिकटवून धरते एवढेच.