जमिनीच्या दाव्यालाही फुकट वकील मिळतो

किनवट-मुखेडपासून औसा-निलंग्यापर्यंत भावकीचा वाद कोर्टात गेला की कुणीतरी सांगतंच : सरकार वकील देतं ते आरोपीला, जमिनीचं ज्याचं त्यानं बघायचं. हे खरं नाही. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा दिवाणी-फौजदारी असा भेद करत नाही. वाटणी, मनाई हुकूम, पोटगी, कशालाही वकील मिळतो. दावा लावायला आणि आपल्यावर लागलेला लढायलाही. दावा मात्र सकृद्दर्शनी दमदार हवा.

मग, ‘आपल्याकडं पिवळं रेशन कार्ड कुठं आहे?’ त्याची गरज नाही. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, आणि स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना तीही लागू नाही. नवरा वारल्यावर दिरांनी फेरफारात नाव येऊ दिलं नाही, अशा बाईला उत्पन्न विचारायचं कारणच नाही. याच कायद्याच्या कलम १२ मध्ये पूर, दुष्काळ, भूकंपानं हलाखीत आलेलेही आहेत. किल्लारीचा १९९३चा भूकंप भोगलेल्या आणि २०१६च्या दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेल्या लातूरला हे कलम तोंडपाठ असायला हवं!

इतरांना उत्पन्नासाठी सहसा प्रतिज्ञापत्र पुरतं. अर्ज लातूर किंवा नांदेडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, नाहीतर तालुका समितीकडे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. दूरध्वनी १५१००.

वकील फुकट, पण स्टॅम्प, टायपिंग, नकला? कोर्ट फी, समन्सचा खर्च, टंकलेखन, प्रमाणित नकला हेही मदतीत येतं. पॅनलवरच्या वकिलाला पक्षकाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. ‘चहापाणी’ मागितलं तर प्राधिकरणाच्या सचिवाकडे तक्रार करावी. सचिव स्वतः न्यायिक अधिकारी असतात.

एक भीती उरते : तिथं गेलं की लोकअदालतीत बसवून तडजोड गळ्यात मारतात. दोन्ही बाजू राजी नसतील तर लोकअदालत निवाडा देऊ शकत नाही. प्रकरण परत कोर्टात जातं. राजी झालात तर मात्र तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही-अंगठ्याआधी गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा आपल्या वकिलाकडून मोठ्यानं वाचून घ्याव्यात.