झुकिनी वाट बघत नाही

गुरुवारी दुपारी कुंडीतली झुकिनी जेमतेम वीतभर होती. आल्यावर काढू म्हटलं आणि लग्नाला नाशिकला गेले. सोमवारी सकाळी गच्चीवर पाणी घालायला गेले, तर मोठाल्या पानांच्या आड, कुंडीच्या काठावर मान टाकून, जवळजवळ हातभर लांबीची एक गडद हिरवी वस्तू पडलेली. वजन केलं, सव्वा किलो. ओट्यावर ठेवली तेव्हा आई म्हणाली, "अगं, ही भाजी की मारुतीची गदा?"

मंडईतली भाजी आपल्या सोयीने येते, घरची तिच्या सोयीने. दोन झाडं, खाणारी माणसं तीन, आणि एकदा फळ धरायला लागलं की एक-दोन दिवसाआड काढणी. म्हणून फळभाज्यांबद्दल 'कशा लावाव्यात' एवढं सांगून थांबणारे लेख मला अर्धवट वाटतात. लावणं फारसं अवघड नाही. फळाचं वय ओळखणं आणि त्या वयाला साजेसं काहीतरी रांधणं, तिथे कस लागतो. आपल्या स्वयंपाकघराला तो हिशेब जुना आहे, फक्त त्याचा हात दोडक्या-घोसाळ्यांवर बसलेला.

अमेरिकेत तर ही घरोघरची तक्रार आहे. तिथे ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पसार होण्याचा दिवस थट्टेने साजरा होतो. आपला श्रावण साधारण त्याच सुमाराला येतो, आणि तेव्हा इकडे कोकणातल्या परसात घोसाळी अशीच अंगावर येत असतात. न्यू जर्सीतली माझी मावसबहीण सांगते, की परसात पहिल्या वर्षी तिने हौसेने सहा झाडं लावली. सप्टेंबरपर्यंत तिला बघून ओळखीची माणसं रस्ता बदलायला लागली होती.

झुकिनी म्हणजे काहीतरी परदेशी, हॉटेलातल्या पास्त्यात पडणारी भाजी असा आपला समज असतो. पण ती आपल्या तांबड्या भोपळ्याची अगदी जवळची नातलग आहे, एकाच कुळातली, एकाच खंडातली. दोघांचंही मूळ अमेरिका खंडात. मेक्सिकोतल्या वहाका भागात गिला नाकित्झ नावाची एक गुहा आहे. तिथे सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आणि माणसाने लागवड केलेल्या वाणाच्या आहेत, असं पुरातत्त्वज्ञ ब्रूस स्मिथ यांनी १९९७ मध्ये दाखवलं. म्हणजे तिकडे मका शेतात यायच्या आधी भोपळा आला होता. इंग्रजीतला 'स्क्वॉश' हा शब्दही अमेरिका खंडातल्याच नॅरागॅन्सेट लोकांच्या 'आस्कुटास्क्वॉश'वरून आलेला. रॉजर विल्यम्स यांनी १६४३ साली त्या भाषेवर लिहिलेल्या पुस्तकात तो नोंदवला आहे. त्याचा अर्थ साधारण 'हिरवं असतानाच खायचं ते'. नावातच पाककृती. पुढे इटलीत, मिलानच्या आसपास, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे लांबट, कोवळीच तोडायची जात तयार झाली. 'झुक्का' म्हणजे भोपळा आणि 'झुकिनी' म्हणजे छोटे भोपळे. छोटे, हे लक्षात ठेवायला हवं होतं मी.

आता लागवड, थोडक्यात. झुकिनी वेलासारखी पसरत नाही, झुडपासारखी एका जागी फुगते. त्यामुळे मांडव नको, पण एका झाडाला तीन फूट मोकळी जागा आणि निदान वीस लिटर मातीची कुंडी हवी. पुण्याच्या हवेत मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी टोचते. कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, दिवसाचं सहा तास ऊन. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिली झुकिनी हातात येते. एकच झाड लावू नका, दोन तरी लावा. त्याचं कारण फुलांत आहे.

या कुळातल्या बहुतेक भाज्यांत एकाच झाडावर नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. नरफुलाचा देठ बारीक आणि लांब असतो. मादीफुलाच्या पाठीशी आधीच बोटभर फळ असतं. सुरुवातीला बहुतेक नरफुलंच येतात आणि माणूस काळजीत पडतो. मग एक दिवस मादीफूल येतं, आणि त्या सकाळी नेमकं एकही नरफूल उमललेलं नसतं. दोन झाडं असली की हा पेच बराच सुटतो. परागकण पोचले नाहीत तर ते बोटभर फळ टोकाकडून पिवळं पडतं, सुरकुततं आणि गळतं. याला रोग समजून औषधं फवारणारे मी पाहिलेत. मीही त्यांतलीच, पहिल्या वर्षी. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाशी रोज येतेच असं नाही, मग तिचं काम आपण करायचं. नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलून काढायच्या आणि मधला परागांनी माखलेला दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण वेळ साधावी लागते. झुकिनीचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. चहा पिऊन, पेपर वाचून वर गेलात तर उशीर झाला.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या राजापूरकडच्या. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी मी कुठल्याच पुस्तकात आधी वाचली नव्हती. घोसाळ्याचं पिवळं फूल सकाळी फुलतं आणि दोडक्याचं, दिसायला जवळजवळ तसंच पिवळं, संध्याकाळी. दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळचं, रात्रीच्या पतंगांसाठी. म्हणजे एकाच मांडवावर हे तिघं असतील तर मांडव सकाळी एक आणि दिवेलागणीला दुसराच असतो. "आमच्याकडे वेळ बघायला घड्याळ कशाला हवं होतं?" काकू म्हणाल्या. दुधीच्या बाबतीत आणखी एक. मुख्य वेलावर नरफुलांचीच गर्दी, मादीफुलं बहुतेक बगलफुटींवर येतात. म्हणून वेल पाच-सहा फूट झाला की शेंडा खुडायचा, म्हणजे फुटवे फुटतात. गच्चीबागवाले हल्ली याला 'थ्री-जी कटिंग' म्हणतात. काकू त्याला "शेंडा मोडला" म्हणतात, दुधी दोघांनाही लागतात.

किडींवर लांबण लावत नाही. रोपं दोन-चार पानांची असताना तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. त्यासाठी क्यू ल्यूरचा सापळा टांगायचा आणि डंख झालेलं फळ कंपोस्टच्या ड्रममध्ये अजिबात टाकायचं नाही, अळ्या तिथेच कोष करतात. थंडी पडली की पानांवर पांढरी भुरी येते. यावर एक उपाय मला फार आवडतो. ब्राझीलच्या वॅग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीवरच प्रयोग करून दाखवलं, की पाण्यात दहा टक्के दूध मिसळून आठवड्यातून दोनदा फवारलं तर भुरी रासायनिक औषधाइतकीच आटोक्यात राहते. मी एक भाग दूध, नऊ भाग पाणी घेते. आईला हे दुधाचं वाया जाणं पटलेलं नाही.

आता स्वयंपाकघर. सगळा खेळ वयाचा.

सगळ्यात आधी फूल. नरफुलं गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतात, त्यांतली दोन-तीन झाडावर ठेवून बाकीची खुशाल तोडावीत. इटलीत त्यांत चीज भरून तळतात. आपल्याकडे तांबड्या भोपळ्याच्या फुलांची भजी होतातच, तीच रीत इथे लागू. फूल उघडून आत मुंगी नाही ना एवढं बघायचं, मधला दांडा काढायचा. डाळीच्या पिठात मूठभर तांदळाचं पीठ घातलं की कडा कुरकुरीत राहतात.

मग वीतभर झुकिनी, फूल मिटून चार-पाच दिवस झालेली, नखाने सहज टोचता येणारी साल. ही सोलायची नाही. हिच्यात पंचाण्णव टक्के पाणी असतं आणि तेच करणारणीला फसवतं. दोडक्यासारखी झाकण ठेवून, वाफेवर शिजवलीत तर लगदा होतो. मी ती पीठ पेरून करते. लोखंडी कढईत नेहमीपेक्षा चमचाभर तेल जास्त. मोहरी तडतडली की हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या. झुकिनीच्या जाड फोडी मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परतायच्या. कडा पारदर्शक व्हायला लागल्या की वरून भाजलेलं डाळीचं पीठ भुरभुरवायचं. पाण्याचा हबका मारायची गरज नाही, भाजीला सुटलेलं पाणी पीठ पिऊन टाकतं. मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलंत तर पिठलं होईल. वाईट लागत नाही ते, पण आपण पिठलं करायला निघालो नव्हतो. अगदी कोवळी असेल तर कोशिंबिरीसाठी कच्चीच किसावी. दही, दाण्याचं कूट, वरून तुपातली जिऱ्याची फोडणी.

या वयाचं घोसाळं असेल तर माझ्या मते प्रश्नच नाही: गोल चकत्या, भजी. पावसात घोसाळ्याच्या भज्यांसमोर बटाट्याची भजी मला नेहमीच उसनी वाटतात. दोडका मात्र पुरता वसूल करावा. साल वाया घालवू नये. शिरा सोलायच्या, थोडा गर लागून आला तर उत्तमच. चमचाभर तेलावर मंद आचेवर त्या कडकडीत होऊ द्यायच्या, घाई केली तर बाहेरून काळ्या आणि आतून चिवट होतात. मग तीळ आणि सुकं खोबरं भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचं. मिक्सर नको, भुकटी होते. दोडक्याच्या भाजीपेक्षा ही चटणी आधी संपते.

राहता राहिली गदा. अशी जून झुकिनी बघून लोक फेकून देतात, कारण तिची भाजी खरंच बेचव होते. पण ती दुधीसारखी वागवली की मार्गी लागते. साल काढायची, मधला भुसभुशीत गर आणि बिया चमच्याने खरवडायच्या, उरलेलं जाड किसायचं. मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पिळायचं. किसात भाजणी, कांदा, ओवा, कोथिंबीर घालायची आणि पिळलेलं पाणी टाकून न देता भाजणी त्यातच भिजवायची. थालीपीठं लुसलुशीत होतात. आमच्या सव्वा किलोची अकरा झाली. हलवाही करून पाहिला मी. खवा आणि वेलदोडा घातल्यावर कशाचाही हलवा होतो, पण दुधीची सर नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. या कुळातल्या वनस्पती स्वसंरक्षणासाठी कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं बनवतात. हजारो वर्षांच्या निवडीने माणसाने ती भाजीतून जवळजवळ घालवली आहेत. पण झुकिनी आणि शोभेचे छोटे भोपळे एकाच जातीचे आहेत, त्यांचा संकर सहज होतो. त्या फळाचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर कडूपणा परत येऊ शकतो, आणि तो शिजवून जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हाइडेनहाइम गावी घरगुती बागेतली कडू झुकिनी खाऊन एका ७९ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला. आपल्याकडे कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही कडू रस पिऊ नये असंच बजावलं. जुन्या बायका दोडका-दुधी चिरताना आधी टोकाची चकती जिभेला लावून बघतात, तो सोपस्कार नाही. कडू लागलं तर थुंकायचं आणि फळ टाकायचं. 'जाऊ दे, गूळ घालू' हे इथे चालत नाही.

हा लेख झुकिनीपासून सुरू झाला तरी परसातल्या वेलांचा मान आपल्याकडे वर्षातून एक दिवस ठरलेलाच आहे. भाद्रपदात, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. मग नांगरलेल्या शेतातलं सगळं बाद आणि हाताने लावलेलं, परसात वाढलेलं तेवढं ताटात. दोडका, पडवळ, तांबडा भोपळा, अळू, भेंडी, सुरण, मक्याचं कणीस, असं जे जे असेल ते एका पातेल्यात, हीच 'ऋषीची भाजी'. गोव्यात त्याच दिवसांत गणपतीवर माटोळी बांधतात आणि लाकडी चौकटीला काकड्या, घोसाळी, दोडके, रानातली फळं अख्खीच लटकतात. गंमत म्हणजे त्या 'ऋषीच्या भाजी'तले भोपळा आणि मका मूळचे अमेरिका खंडातले. ऋषींनी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. पुढच्या वर्षी झुकिनी पावसाळ्यात जगवता आली, तर मी तिच्याही चार फोडी त्यात टाकणार आहे. काकूंना आधी विचारीन.

त्या सोमवारी अकरातली चार थालीपीठं डब्यात घालून मी काकूंकडे पोचवली. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो. गुरुवारी तो आला, त्यात शिरांची चटणी होती, आणि डब्याबरोबर पिशवीत एक तपकिरी, वाळून हलकं झालेलं घोसाळं. त्यांच्याकडचं पावसाळ्यातलं, वेलावरच राहून गेलेलं. "साल काढ, पाठ घासायला जाळी घे," काकू म्हणाल्या, "आणि बी ठेव जूनसाठी."

मी ते कानाशी नेऊन हलवलं. आत बिया खुळखुळत होत्या.