साडेसातशे किलोंची रेघ

जपानमध्ये कॅम्पिंग ट्रेलर घेणारा माणूस आधी गाद्या-पडदे बघत नाही, वजन बघतो. एकूण वजन 750 किलोंपर्यंत असेल, तर मोटारीच्या साध्या परवान्यावर ट्रेलर ओढता येतो. त्यावर एक किलो गेला की वेगळा परवाना लागतो, आणि त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चक्क मालवाहू सेमीट्रेलर रिव्हर्स घ्यायला शिकावं लागतं. सुट्टीत तलावाकाठी जाणाऱ्या कुटुंबाला ही तालीम अंमळ जडच.

पण परवाना म्हणजे काही मोटारीची ताकद नव्हे. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर त्याचं वजन ढोबळमानाने मोटारीच्या वजनाच्या निम्म्यात बसावं लागतं. सुझुकी जिम्नी सुमारे एक टनाची. म्हणजे तिच्यामागे पाचशे किलोंच्या आसपासच, परवाना साडेसातशेचा असला तरी. जड ट्रेलरला ‘इनर्शिया ब्रेक’ असतो. मोटार मंदावली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांडा आत दबतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक आपोआप लागतात.

ऑस्ट्रेलियात लँड क्रूझर 300 घेतली, तर ब्रेकवाला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढता येईल असं कंपनीच सांगते. जपानी माहितीपत्रकात असा आकडा सहसा नसतो. तो हिशेबाने काढायचा: मोटारीचं वजन, इंजिनाची ताकद, ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर, पार्किंग ब्रेकची पकड. पूर्वी ट्रेलरच्या कागदपत्रांवर तो ओढणाऱ्या मोटारींची नोंद असे. मोटार बदलली की पुन्हा खेटे. 2004 पासून परिवहन कार्यालय मोटारीच्याच कागदावर दोन मर्यादा लिहून देतं, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि नसलेल्यासाठी दुसरी. ही ‘950 नोंदणी’.

कागद जुळले तरी सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. सगळं मागे रचलं तर बैलगाडी उलाळ होते तसा ट्रेलरचा पुढचा दांडा वर उचलला जातो, आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. पुढे फार भरलं तर मोटारीचं बूड दबतं आणि पुढच्या चाकांची पकड सैलावते. म्हणून जड वस्तू ट्रेलरच्या आसाजवळ, खाली. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. छपरावरचा एसी, जादा बॅटरी, तंबू यांचाही भार धरायचा. लेड-ॲसिड बॅटरीऐवजी लिथियमची घ्यायला खिसा हलका करावा लागतो, पण ट्रेलरही हलका होतो.

एवढं जुळवून एक्सप्रेसवेला लागलं, तरी ट्रेलर ओढणाऱ्याला वेगाची मर्यादा ताशी 80 किलोमीटर, आणि टोल एक वर्ग वरचा.