साथ ओसरते ती कशाने?

साथीच्या रोगांचा प्रसार आणि लय यांमागे काही हिशेब आहे, ही जाणीव फारशी जुनी नाही. या हिशेबाच्या शास्त्राचा मुंबईशी निकटचा संबंध आहे, हे मात्र महाराष्ट्रात अनेकांस ठाऊक नसते. १९२७ साली एडिंबरो येथील कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघा संशोधकांनी साथीचे गणित मांडणारा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर होते. आपले सूत्र पडताळून पाहण्यासाठी त्यांनी निवडले ते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. आठवड्याला सुमारे नऊशेपर्यंत चढून पुढे उतरत गेलेले ते आकडे गणिताने काढलेल्या रेषेशी बरेच जुळले.

या गणिताचे मर्म सोपे आहे. समाजाचे तीन गट कल्पावेत : रोग होऊ शकेल असे, रोगग्रस्त, आणि बरे होऊन किंवा मृत्यू पावून साखळीबाहेर गेलेले. एक रोगी सरासरीने तिघांना रोग देत असेल, तर साथ भराभर वाढते. परंतु समाजातील दोनतृतीयांश लोकांना प्रतिकारशक्ती लाभली की त्याच रोग्याच्या तीन संभाव्य बळींपैकी दोघे सुरक्षित असतात. एकामागे एकच नवा रोगी उरतो. संख्या त्याहून खाली गेली की साथ मावळू लागते. तात्पर्य, शेवटच्या माणसाला गाठण्यापूर्वीच साथ संपू शकते. कर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्या निबंधाचा हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.

पण याच उदाहरणात एक इशाराही दडलेला आहे. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. पिसवांवाटे तो माणसापर्यंत येतो आणि ऋतुमानाप्रमाणे त्याचा जोर कमीजास्त होतो. निबंधकारांनी स्वतःच ही मर्यादा नमूद केली होती. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे कित्येक वर्षे हंगामागून हंगाम परतत राहिला. आलेखाची रेषा खाली आली, म्हणून साथीचे कारण नाहीसे झाले असे मानता येत नाही. २०२१ च्या प्रारंभी कोविड सरला अशी समजूत सर्वत्र रूढ होत असतानाच विदर्भात रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली, आणि १५ मार्चपासून आठवडाभर नागपुरात टाळेबंदी लागू करावी लागली.

दुसरा धोका सरासरीचा. गोवराचा एक रोगी, कोणासही प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणूनच ९५ टक्के बालकांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाव्यात असा आग्रह धरला जातो. जिल्ह्याची सरासरी ९५ टक्के असली, तरी एखाद्या वस्तीत साठच टक्के मुले सुरक्षित असतील, तर त्या वस्तीत एका रोग्यामागे पाचसहा नवे रोगी निर्माण होणारच. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा लसीकरणात मागे राहिलेल्या दाट वस्त्यांनाच त्याची झळ अधिक बसली. विषाणूला जिल्ह्याची सरासरी दिसत नाही. त्याला शेजारचे घर दिसते.

नागपूरच्या मिहानकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. विमानतळ, मालवाहतूक, कारखाने आणि संगणक कंपन्या एकत्र आणणे हे या प्रकल्पाचे प्रयोजन आहे. म्हणजे माणसांचा आणि मालाचा संपर्क वाढविणे. १८९६ च्या मुंबईची भरभराटही बंदरामुळेच झाली होती, आणि प्लेगही त्याच सागरी व्यापाराच्या वाटेने आला असे मानले जाते. याच मिहानमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय उभे आहे, ही समाधानाची गोष्ट. तथापि रुग्णालय रोग्याला बरे करते; साखळी तुटते ती रोगी घरी थांबल्याने.

आणि येथेच प्रश्न वैद्यकशास्त्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. ताप आलेला संगणक अभियंता घरून काम करू शकतो. त्याच आवारातील कंत्राटी सुरक्षारक्षकाला, हमालाला किंवा सफाई कामगाराला एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. घरी थांबण्याची किंमत तो एकटा मोजतो, लाभ मात्र शेकडो अपरिचितांना होतो. ज्याचा लाभ वाटला जातो आणि खर्च एकाच्या माथी पडतो, असे काम आपोआप पुरेसे होत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाचा भत्ता दिला, पण आजाराचे पहिले दोन दिवस सामान्यतः त्यातून वगळले. श्वसनमार्गाच्या अनेक रोगांत संसर्ग सर्वाधिक होतो तो नेमका सुरुवातीच्या दिवसांत.

तेव्हा पुढच्या साथीची तयारी केवळ खाटा आणि प्राणवायू यांनी पुरी होणार नाही. तापाच्या पहिल्याच दिवशी, मजुरी न बुडता, कंत्राटी कामगारास घरी राहता आले पाहिजे. हा खर्च मालकांनी आणि शासनाने वाटून घ्यावा. तो दयेपोटी द्यावयाचा नाही. साऱ्या शहराच्या सुरक्षिततेचा तो वाजवी हप्ता आहे.